शेवंतीचे दिवे

अमरावती
५ ऑक्टोबर २०२५

ती. मामांना दामिनीचा नमस्कार.

कान कसा आहे हे विचारत नाही, कारण तुम्ही "झकास" असंच लिहिणार. एक कान लहानपणीच वाहून गेलेला, आणि दुसरा उन्हाळ्यात धावपट्टीच्या भिंतीवरून झालेल्या भांडणात लाठी खाऊन बसला. मामी फोनवर म्हणाली, "आता कानापाशी डफडं वाजोलं तरी पापनी हालत नाई." म्हणून पुन्हा पत्र. आई गेल्यावर मी वसतिगृहात होते तेव्हा तुम्ही न चुकता लिहायचात, तुरीच्या शेंगा कशा भरल्या आणि कोणाला कसा चोपला. आता माझी पाळी.

काम आहे आणि ते गोड नाही. परवा संध्याकाळी मी आपल्या सावरखेडीला विमान उतरवत होते. तुम्हाला ठाऊक आहे, या धावपट्टीवर विमानाला वाट दाखवणारी यंत्रं नाहीत. वैमानिकानं काचेतून पाहायचं, पट्टीचे दिवे शोधायचे आणि डोळ्यांच्या भरवशावर खाली यायचं. मोठ्या शहरांत यंत्रं असतात, पण विमानांची रांग इतकी की तिथेही पुष्कळदा डोळ्यांवरच उतरवतात. टॉवरमधला माणूस विचारतो, पुढचं विमान दिसतंय का, पट्टी दिसतेय का. आपण एकदा "दिसते" म्हटलं की पुढचं सगळं आपल्या गळ्यात. खाली रस्ते, लग्नाचे लॉन, पेट्रोल पंप, सगळं झगमगत असतं आणि त्यातून आपली पट्टी निवडायची. सावरखेडीच्या चारही बाजूंनी आता अकोला अंगावर आलंय, त्यामुळे इथेही तीच गत.

परवा मला पट्टी दिसली. पांढऱ्या दिव्यांच्या दोन सरळ ओळी, जणू सुतात धरलेल्या. मी "दिसते" म्हटलं आणि खाली आले. अगदी खाली आल्यावर लक्षात आलं की सुरुवातीला आडवे हिरवे दिवे असायला हवेत ते नाहीत, आणि उजवीकडे लांब आणखी दोन ओळी आहेत. विमान असं वर खेचलं की मागच्या बाईच्या मांडीवरचं बाळ पुढच्या खुर्चीवर आपटलं. त्याचा ओठ फाटून बाहेर लोंबत होता. ती बाई उतरताना माझ्या तोंडावर थुंकली. मी नुसतं पुसलं, कारण चूक माझी होती आणि दिवे तुमचे होते.

रात्र मोठी झाली की शेवंती कळ्या धरते, म्हणून दिवे लावून तिला भासवायचं की दिवस अजून मोठाच आहे, म्हणजे फुलं थेट लग्नसराईत येतात. हे मला तुम्हीच शिकवलंत. पण शेवंतीला फसवता फसवता तुम्ही वैमानिकाला फसवताय. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी आमचं विमान येतं, तेवढा वेळ मळ्यात अंधार ठेवा. नंतर हवे तितके जाळा. तो मळा माझ्या मामांचा आहे हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

तुमची,
दामी


सावरखेडी, अकोला
१२ ऑक्टोबर २०२५

चि. दामिनीस खुशालरावाचे आशीर्वाद, आणि वर एक टपली.

तुझं पत्र वाचून मी पोट धरून हसलो. बाळाच्या ओठाचं वाचून थांबलो, मग पुन्हा हसलो. एवढी शिकलेली पोरगी आणि शेवंतीच्या वाफ्यावर विमान उतरवायला निघाली. तुझ्या आईला सांगितलं असतं तर तिनं तुला वाफ्यात उभी करून मोगरीनं धुतलं असतं.

आता माझं ऐक. तुमच्या भिंतीवरचा एक पहारेकरी गेल्या आठवड्यात मळ्यात आला. हातवारे करून म्हणे दिवे काढा. मी म्हटलं, "मले आयकू येत नाई. कान तुमच्याच मानसानं फोडला. लिहून दे." त्यानं लिहिलं नाही, तार ओढली. मी विळ्याच्या मुठीनं त्याचे समोरचे दात पाडले. एक जागीच पडला, एक हलत राहिला. तो रक्त थुंकत भिंतीकडे पळाला आणि मी त्याचा पडलेला दात त्याच्या मागे फेकला. बंडूनं मला मागून मिठी मारली म्हणून, नाहीतर जबडाच उतरवला असता. बापाला धरायला हा पोरगा बरा पुढे येतो.

हे लोक आज दिवे मागतात, उद्या वावर मागतील. भिंत अशीच आली. आधी म्हणाले खुणा रोवतो, मग म्हणाले तार बांधतो. आम्ही माळी माणसं. बोट दिलं की हे मनगट धरतात हे मी एकदा पाहिलंय, पुन्हा पाहायचं नाही.

आणि एक सांगतो, रागावू नकोस. मागच्या धुऱ्यापर्यंत, शेवटच्या बांधापर्यंत, जे दिवे गेले आहेत ते शेवंतीसाठी नाहीतच. तिथे शेवंती नाही, नुसती हराळी आहे. कान शाबूत होता तेव्हा तुझी मामी म्हणाली होती, "दामी वरून जाते, तिले आपलं वावर कसं ओयखू येईन?" म्हणून मी आणि बंडूनं दोरी धरून दोन्ही बाजूंनी सरळ दिवे नेले. तुला वरून दिसावं म्हणून. मग आता दिसलं, ओळखलंस, झालं की. मामाचे दिवे भाचीनं नाही ओळखायचे तर कोणी? दुसरा कोणी चुकला तर तो परका. परक्याची काळजी करायला मी काय सरपंच आहे?

दिवाळीला ये. मामी अनारसे करणार आहे.

तुझा मामा


अमरावती
१५ ऑक्टोबर २०२५

ती. मामा,

नमस्कार तेवढा घ्या, बाकी या पत्रात गोड काही नाही.

मला दिसावं म्हणून तुम्ही धुऱ्यापर्यंत दिवे नेलेत हे वाचून मी रडले, आणि लगेच तुमचा राग आला. तुम्हाला प्रेम करायचं असलं तरी हातात विळा लागतो.

सागरबद्दल मी तुम्हाला कधी लिहिलं नाही. माझ्याबरोबर शिकला, दर्यापूरचा. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात संध्याकाळी उतरत होता. धावपट्टीला समांतर नवा रस्ता झाला होता आणि नेमके त्याच आठवड्यात त्याचे दिवे लागले. टॉवरनं विचारलं, पट्टी दिसते का. सागर म्हणाला, दिसते. तो रस्त्यावर उतरला, समोरून येणाऱ्या मालट्रकवर. ओळख पटवायला घरचं कोणी पोचेना, मी त्याच शहरात होते, म्हणून मला तिथे रस्त्यावरच नेलं. मामा, ओळखायला चेहरा नव्हताच. ट्रकच्या लोखंडानं तो छातीपर्यंत नेला होता. त्याच्या बुटावरून मी "हो" म्हटलं. ट्रकचा ड्रायव्हर जिवंत होता आणि बाजूला बसून स्वतःचं कातडं हातावरून सोलत होता, कारण ते जळून सुटलं होतं.

तो परका होता का? तुमच्या हिशेबानं परकाच.

मी तिकडे रोज नसते. आमच्यात आणखी चौघं जण हे विमान उडवतात आणि भिंतीपलीकडच्या विमान शिकवणाऱ्या शाळेतली पोरं दिवसभर शिकत घिरट्या घालतात. त्यांना शेवंती काय माहीत? म्हणून दोन दिवसांनी मी लेखी कळवणार आहे की तो मळा कोणाचा आहे आणि दिवे कसे आहेत. पाठीमागून केलं असं तुम्ही म्हणू नये म्हणून आधी तुम्हाला सांगते. अजूनही स्वतः काढलेत तर मी कागद फाडते.

दामिनी


सावरखेडी
४ नोव्हेंबर २०२५

दामिनीबाई,

तुमचे पाहुणे येऊन गेले. दिवाळीच्या आदल्या दिवशी, मामी चकल्या तळत असताना. दोन गाड्या पोलीस, एक टेम्पो आणि कात्र्या घेतलेले चार जण. त्यांनी बोलायला सुरुवात केली, मी म्हटलं ऐकू येत नाही. मग ते बोलायचे थांबले आणि कापायला लागले.

बंडू मधे गेला. त्याला जमिनीवर पाडून बरगड्यांत बूट घातले. तो उताणा पडून तोंड उघडझाप करत होता, ओरडत असणार. मी फावडं उचललं. तार कापणाऱ्याचा पंजा खांबावर होता, त्यावर फावड्याचा दांडा घातला. हाड मोडल्याचा आवाज मला आला नाही, पण दांड्यातून हाताला कळलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. नंतर पोलिसांनी मला टेम्पोत घातलं ते उलटं, केसांना धरून. दिवाळी आम्ही बापलेकांनी कोठडीत काढली. तळपायांवर पट्टा खाल्ला. भाऊबीजेच्या दिवशी मला चालता येत नव्हतं.

तुझी आई माझी पाठची बहीण. दर भाऊबीजेला तिच्या फोटोसमोर मी पाट मांडतो आणि ताट तू धरतेस. या वर्षी तू पोलीस धाडलेस. आता मला बहीणही नाही आणि भाचीही नाही. मामी फोनवर तुझ्याशी गुलुगुलु बोलताना दिसली, म्हणून तो फोन विहिरीत टाकला.

जामिनावर सुटलो त्याच दिवशी अकोल्याहून नवे दिवे आणले. आधीपेक्षा पांढरे आहेत. बंडू बरगड्या धरून चढला आणि लावले. धुऱ्यापर्यंत लावले. मला लेखी हुकूम दिला आहे, तो मी शेणाच्या पाटीत घातला.

तुझं विमान मळ्यावर खाली आलं तर घरात गोफण आहे. पाखरं पाडताना माझा नेम चुकत नाही, तू लहानपणी पाहिलेलं आहेस.

खुशालराव


सावरखेडी
कार्तिक, मंगळवार

दामे,

मी चौथी शिकेल, जसं बोलतो तसं लिवून राहिली. तुह्या मामानं मोबाईल इहिरीत टाकला म्हणून चिठी. शकुनच्या हाती देऊन राहिली. तिचं हारफुलाचं दुकान बसस्टँडपाशी हाय, तिच्याच पत्त्यावर उत्तर धाड. ह्यायले कळू देऊ नको. तुह्यं नाव काढलं म्हणून परवा माह्या पाठीवर काठी मोडली. काठी जुनीच होती, मनावर घेऊ नको.

दिवे काई ते काढत नाईत. बंडूनं समजावलं तं त्याच्या दुखऱ्या बरगडीवरच लाथ हानली. मानूस वाईट नाई, तुले मालूम हाय. पन कान गेल्यापासून सारं डोक्यातच घुमते त्यायच्या.

तं मी एक करून राहिली. विमानाचा आवाज आला का मोटरीच्या खोलीत जातो, फ्यूज काढतो न कमरेले खोचतो. सारे दिवे एका दमात जातात. विमान उतरलं का परत लावतो. ह्यायले आवाज येत नाई, तं त्यायले वाटते का विमान उतरवाले ते लोक आपली लाईन वढून घेतात. ओसरीत बसून शिव्या देतात. देऊ दे.

तू भेऊ नको. तुह्या वक्ताले आपल्या वावरात अंधारच राहीन. मी हाय तोवर राहीन.

पार्बती


अमरावती
१६ नोव्हेंबर २०२५

मामी,

तुझी चिठ्ठी शकुनताईकडून आली. मी ती वाचली आणि विमानतळावरच्या बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. तुझ्या पाठीचं काय करायचं ते मी एकदा समोर येऊन करीन, काठी जुनी असो की नवी.

बुधवारी आणि शुक्रवारी दोन्हीदा मी पाहिलं. लांबून मळ्याचे दिवे दिसत होते. विमान वळलं आणि ते फटकन गेले. पुढे उरल्या फक्त दोन ओळी, त्या धावपट्टीच्या. माझ्या खांद्यांवरचं केवढं ओझं उतरलं ते तुला सांगता येत नाही. हल्ली सगळीकडे सोयाबीनचं कुटार पेटवतात, संध्याकाळी धूर जमिनीलगत बसतो आणि हिरवे दिवे धड दिसत नाहीत. त्यात दोन पट्ट्यांमधून निवड करायची म्हणजे जिवाशी खेळ. आता निवडायचंच नाही. दिव्यांच्या दोन ओळी दिसल्या की त्या पट्टीच्या, कारण मामाचा मळा त्या वेळी काळा असतो. बाकीच्या चौघांनाही मी तसं सांगितलंय.

कळवलं होतं म्हणून मधे तपासायला आले होते, तेव्हाही तू फ्यूज काढलेला असणार. त्यांनी लिहून टाकलं, अडचण दूर झाली. तुझं नाव कुठेही येणार नाही.

पाठीला हळद लाव. आणि फ्यूज काढताना पायात चप्पल घाल, ओल्या पायानं जाऊ नको.

दामी


जिल्हा कारागृह, अकोला
२२ डिसेंबर २०२५

दामिनी,

तू जिवंत आहेस हे बंडूनं भेटीत पाटीवर लिहून दाखवलं. हात राहिला आहे हेही लिहिलं. तुझ्या मामीचं दहावं-तेरावं त्यानंच केलं. मला नेलं नाही.

इथे दिवसभर मला एकच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तुझ्याशिवाय कोणाकडे नाही. आधी माझ्या बाजूनं काय झालं ते लिहितो.

विमान आलं की आपली वीज जायची. रोज नाही, तुमच्या विमानाच्या दिवशी. धावपट्टीसाठी आमची लाईन ओढतात हे मला पक्कं कळलं होतं. मी वीजवाल्यांच्या कचेरीत गेलो. तिथला साहेब कागदावर लिहून म्हणे, तुमच्या भागात त्या वेळी वीज जातच नाही. तोंडावर खोटं बोलतो म्हणून मी त्याची कॉलर धरून त्याला टेबलावरून अलीकडे ओढला. नाक फुटलं त्याचं. शेवंती अर्ध्या वाफ्यांत कळ्या धरू लागली होती. म्हणून त्या शुक्रवारी दुपारी मी आणि बंडू टेम्पोतून जनरेटर घेऊन आलो आणि मळ्याच्या शेवटाला, धुऱ्यापाशी बसवून दिवे थेट त्याच्यावर जोडले. तुझी मामी त्याच्याकडे बघत राहिली. जेवलीही नाही.

संध्याकाळी खरंच सगळीकडची वीज गेली. भिंतीपलीकडे धावपट्टी काळी पडली. अर्धं अकोला काळं पडलं. माझा मळा एकटा लख्ख. मी वाफ्यात उभा राहून दोन्ही हात वर करून नाचलो. तुझी मामी घराकडून धुऱ्याकडे पळत सुटली. तिचं तोंड उघडं होतं. मला वाटलं हसते आहे. मीही तिच्याकडे बघून हसलो.

मग पाठीवर वारा आला. तारा तुटून सापासारख्या वर उडाल्या, दिवे फुटून काचा माझ्या तोंडात शिरल्या. विमान माझ्या बाजूनं गेलं आणि धुऱ्यावर आदळून आडवं झालं. मामी त्याच्या पंखाखाली होती. कमरेपासून वरची एका बाजूला, आणि बाकीची मला लिहवत नाही. मी तिचं लुगडं गोळा करत होतो. कशाला, ते मला आता कळत नाही.

तिथे खांब रोवायची लोखंडी सब्बल पडली होती. ती घेऊन मी विमानाच्या तोंडाकडे गेलो. आत कोण आहे हे मला माहीत नव्हतं. काच फोडली आणि आतल्या हातावर एक घाव घातला. तेवढ्यात तुझा चेहरा दिसला आणि सब्बल हातातून पडली. वकीलही तेच म्हणतो, एकच घाव आणि तोही न ओळखता. तू तसं सांगितलंस तर मी लवकर सुटेन म्हणतो.

आता प्रश्न. तू माझे दिवे ओळखत होतीस. एकदा फसून सावरली होतीस. मला दोन पत्रं लिहिलीस की इथे धावपट्टी नाही, शेवंती आहे. मग का उतरलीस? मी गोफणीची धमकी दिली म्हणून? मामाला एकदा धडा शिकवू म्हणून माझ्या डोक्यावरून विमान नेलंस का? खरं लिही.

मामा


अमरावती, रुग्णालय
३ जानेवारी २०२६

मामा,

हे पत्र मी उजव्या हातानं लिहिते आहे. डावा दोन ठिकाणी मोडला, कोपरात सळ्या आहेत, तो वळत नाही आणि वळणार नाही असं डॉक्टर म्हणतात. विमान माझ्यासाठी संपलं. मागच्या रांगेतल्या एका माणसाचा पाय गुडघ्यापासून कापला. तो याच वॉर्डात आहे आणि ड्रेसिंगच्या वेळी त्याचं ओरडणं इथवर येतं. त्याची बायको रोज माझ्या खाटेपाशी येऊन उभी राहते. मी तिच्याकडे बघेपर्यंत हलत नाही.

तुम्हाला खरं हवं आहे, तर घ्या.

तुमची वीज कोणी ओढत नव्हतं. साहेब खरं बोलत होता, त्याचं नाक तुम्ही उगाच फोडलंत. विमानाचा आवाज आला की मामी फ्यूज काढून कमरेला खोचत होती. माझ्यासाठी, आणि वर बसलेल्या सगळ्यांसाठी. तुमची काठी पाठीवर खाऊन करत होती. मला तिनं लिहून कळवलं होतं. म्हणून मी निर्धास्त झाले होते. दिव्यांच्या दोन ओळी दिसल्या की त्या धावपट्टीच्याच, कारण मामाचा मळा त्या वेळी काळा असतो, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. त्या दिवशी टॉवरनं विचारलं, दिसते का. धुरातून दोनच ओळी दिसत होत्या. मी म्हटलं, दिसते. लगेच वीज गेली, धावपट्टी विझली आणि त्याचा आवाजही गेला; माझ्यासमोर उरल्या त्या ओळी तुमच्या होत्या. हिरवे दिवे नाहीत हे माझ्या डोळ्यांना कळलं होतं. मनानं म्हटलं, धुरात दडले असतील. ही चूक माझी आहे, ती मी चौकशीत लिहून दिली आणि तुम्हालाही लिहून देते.

मामी हसत नव्हती. ती जनरेटर बंद करायला पळत होती आणि तुम्हाला ओरडून सांगत होती.

आता घावाचं. पहिला घाव काचेतून आला तो हाताच्या खालच्या हाडावर. तेव्हा तुम्ही मला पाहिलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. मग काच खाली पडली. माझं डोकं पुढे लोंबत होतं, ते तुम्ही केसांना धरून वर केलंत. आपली तोंडं एवढी जवळ होती की तुमच्या दाढीतली काच मला दिसत होती. तुम्ही म्हणालात, "दामे." मी म्हटलं, मामा. तुम्हाला ऐकू आलं नसेल, पण माझे ओठ तुम्ही पाहिलेत. आणि मग तुम्ही दोन पावलं मागे सरलात, सब्बल डोक्यावर नेलीत आणि कोपरावर घातलीत.

सब्बल तुमच्या हातातून पडली नाही. ती बंडूनं हिसकावली.

सोमवारी माझा जबाब आहे. मी दोन्ही सांगणार. वकिलाला काय करायचं ते करू दे. मी तुमच्यावर सूड उगवते आहे का, हे मी स्वतःला दहादा विचारलं. थोडा उगवते आहे. पण मामी तुमच्यापासून एकच गोष्ट लपवून मेली, आणि आता आपण दोघंही लपवायला लागलो तर ती उगाच मेली असं होईल.

दामिनी


जिल्हा कारागृह, अकोला
१९ जानेवारी २०२६

दामे,

तुझं पत्र इथल्या शिपायानं फोडून वाचलं आणि मग माझ्यापुढे ठेवलं. तो निघून गेला नाही, उभा राहिला. मी वाचून झाल्यावर भिंतीवर डोकं आपटेन असं त्याला वाटलं असावं. आपटलं. कपाळाला पाच टाके आहेत. तिघांनी धरलं तेव्हा थांबलो.

दोन घाव बरोबर आहेत. वकिलाला बोलावून सांगितलं की कोर्टात मी हेच बोलणार. त्यानं कागदावर लिहिलं, "बुवा, तुमाले समजते का, ओयखून मारलं म्हनजे जीव घ्याले गेले असा अर्थ निंगते." मी म्हटलं, तोच अर्थ आहे. तू "मामा" म्हणालीस ते मी वाचलं होतं तुझ्या ओठांवरून. त्या क्षणी मला वाटलं, हिला सगळं ठाऊक होतं आणि तरी ही आली. हिनं माझी पार्बती मारली. मग हात थांबला नाही. थांबवलाही नाही.

आता कळलं की तिला मी मारलं, जनरेटर आणून. ती त्या यंत्राकडे बघत बसली होती तेव्हा एकदा तिनं माझी बाही धरली होती. काहीतरी सांगायचं होतं. मी हात झटकला, कारण ती सांगणार म्हणजे तुझं नाव काढणार असं मला वाटलं. काठी कोपऱ्यात उभी होती, तिच्याकडे तिनं पाहिलं आणि माझी बाही सोडली. ते मला रोज दिसतं. बहिऱ्या माणसाला दिसतं तेवढंच असतं, आणि मला तेही नीट दिसलं नाही.

बंडूला सांगितलं आहे, सगळे खांब उपटून टाक. त्यानं टाकले. भिंतवाल्यांना धुऱ्यापर्यंतची जागा हवी तर देऊन टाक म्हणालो, तर तो माझ्याशीच भांडला. दाराच्या जाळीतून माझी गचांडी धरायला बघत होता. माझंच रक्त आहे. त्याच्यावर लक्ष ठेव, तुझं तो ऐकतो. लग्न झाल्यावर त्यानं बायकोवर हात टाकला तर तू त्याचा हात तोड, माझी परवानगी आहे.

तू भेटायला येणार असं त्यानं पाटीवर लिहिलं. येऊ नकोस. मी तुझ्या पाया पडेन की तुझा गळा धरीन, हे मला खरंच माहीत नाही. सकाळी एक वाटतं आणि संध्याकाळी दुसरं. तुझा चेहरा आठवला की आधी तिचं लुगडं आठवतं. तो हात बरा होईपर्यंत नको, आणि झाल्यावरही नको. मी इथे आत आहे आणि तू तिथे बाहेर आहेस, सध्या आपल्या दोघांसाठी एवढंच बरं आहे.

खुशालराव